मधला माणूस

९ एप्रिल १९५८. श्रीलंकेतल्या कोलंबोत रोझमीड प्लेसवरच्या पंतप्रधानांच्या घरासमोर बौद्ध भिक्खू येऊन बसले होते आणि त्यांच्या मागे गर्दी जमत होती. मागणी एकच: पंतप्रधान बंदरनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी २६ जुलै १९५७ ला केलेला करार मोडा. करारात वेगळं राज्य वगैरे काही नव्हतं. उत्तर आणि पूर्व भागात प्रादेशिक मंडळं, तिथला कारभार तमिळमधून करायची मुभा, आणि त्या भागात बाहेरचे लोक आणून वसवायचे तर मंडळाचं मत घ्यायचं, असा साधारण मजकूर. बंदरनायक्यांनी करार मोडल्याचं सांगितलं. भिक्खूंना तोंडी शब्द पुरेना. त्यांनी तो लेखी घेतला, मगच उठले.

पुढच्याच महिन्यात बेटावर दंगली पेटल्या. आणि सप्टेंबर १९५९ मध्ये त्याच घरी, भेटीला आलेल्या सोमाराम नावाच्या भिक्खूने बंदरनायक्यांवर गोळ्या झाडल्या. कटाचा सूत्रधार ठरला तो केलानियाच्या विहाराचा प्रमुख बुद्धरक्खित, १९५६ च्या निवडणुकीत बंदरनायक्यांसाठी जिवाचं रान केलेला माणूस. या कटामागे धर्माइतकेच धंद्याचे हिशेब होते असं मानलं जातं. कट्टरतेच्या पोटात असले हिशेब बहुधा असतातच, पण तो वेगळा विषय.

बंदरनायके कुणी साधे मवाळ गृहस्थ नव्हते. ‘फक्त सिंहली’ हीच राजभाषा, तीही २४ तासांत, असं म्हणत ते निवडून आले होते आणि जून १९५६ मध्ये त्यांनी तसा कायदा करून दाखवला होता. वर्षभरात त्यांना कळलं की देश चालवायचा तर समोरच्याशी बोलावं लागणार. बोलायला गेले तेव्हा आपणच पेटवलेल्या लोकांनी त्यांना मागे खेचलं. विसाव्या शतकातल्या बऱ्याच यादवींची सुरुवात शोधत गेलं की असा एखादा फाडलेला कागद हाती लागतो, आणि तो फाडायला लावणारे शत्रूपक्षाचे नसतात.

कट्टरतेबद्दल आपण बोलतो ते नेहमी दोन टोकांबद्दल. इकडचे असे, तिकडचे तसे. मधल्या माणसाचं काय होतं, तो कुठे जातो, गप्प का बसतो आणि शेवटी कुणाच्या हातून मरतो, हे पाहिलं तर यंत्रणा जास्त नीट समजते असं मला वाटतं.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत आपल्याला जहाल आणि मवाळ ही जोडी १९०७ च्या सुरत अधिवेशनापासून पाठ आहे. त्यातला जहाल म्हणजे मागणी कडक, भाषा धारदार. ठाम मत असणं, जोरात भांडणं, तडजोड नाकारणं यात कट्टरता येतेच असं नाही. जे. एम. बर्गर हे या विषयाचे अभ्यासक एक उपयोगी कसोटी देतात: आपला गट टिकायचा असेल तर दुसऱ्या गटाविरुद्ध काहीतरी शत्रुत्वाचं करावंच लागेल, या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत, अशी श्रद्धा म्हणजे कट्टरता. ‘आम्हाला न्याय हवा’ ही मागणी कितीही आक्रस्ताळी असली तरी मागणीच. ‘ते आहेत तोवर आम्हाला न्याय मिळणार नाही’ म्हटलं की रेषा ओलांडली. वाक्य छोटं, पण त्यात ‘त्यांनी काय केलं’ हा प्रश्नच उरत नाही. ते असणं हाच गुन्हा होतो.

ही रेषा माणूस एकटा बसून, ग्रंथ वाचून ओलांडत नाही. मार्क सेजमन यांनी जिहादी जाळ्यांतल्या १७२ जणांची माहिती २००४ मध्ये एकत्र मांडली तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत मैत्री किंवा नातं आधी आणि विचारधारा नंतर असा क्रम दिसला. परक्या शहरात एकटे पडलेले तरुण, एकत्र राहणं, एकत्र जेवणं, आणि मग कुणीतरी एक जण पुढे सरकला की बाकीचे त्याच्या मागे. युरोपातल्या नवनाझी टोळक्यांतून बाहेर पडलेलेही साधारण हेच सांगतात. आधी टोळकं मिळालं, राग नंतर शिकलो. गरिबी, निरक्षरता किंवा वेडसरपणा ही आवडती कारणं तपासात फारशी टिकत नाहीत. पदवीधर, त्यातही अभियंते, या मंडळींत भरपूर सापडतात. अपमान मात्र सापडतो. स्वतःचा तरी, नाहीतर आपल्या लोकांचा झालेला आणि आपल्या अंगाला लावून घेतलेला.

पण टोळकं मिळालं की शत्रू का लागतो? हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. पडद्यावरचे ठिपके मोजायला सांगून ‘तू जास्त मोजणाऱ्यांतला, तू कमी मोजणाऱ्यांतला’ असे दोन गट पाडले. गटांची वाटणी प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. मुलांना आपल्या गटात कोण आहे हेही माहीत नव्हतं. मग प्रत्येकाला दोन अनोळखी मुलांना गुण वाटायला दिले, एक आपल्या गटातला, एक दुसऱ्या. पुढच्या फेरीत गट चित्रांच्या आवडीच्या नावाखाली पाडले. तिथे पर्यायांच्या पट्टीवर एका टोकाला आपल्या गटातल्याला १९, त्यांना २५, मध्यावर १३-१३, दुसऱ्या टोकाला आपल्याला ७, त्यांना १. शहाणपण सांगतं की पहिलं टोक घ्या, आपल्याच माणसाला सगळ्यात जास्त मिळतात. मुलं झुकली दुसरीकडे. आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवेत. ठिपक्यांवरून नाहीतर चित्रांवरून पडलेल्या, तात्पुरत्या गटात ही अवस्था. कट्टर माणसाला ‘यात तुझंच नुकसान आहे’ हे पटवायला गेलेले लोक हात हलवत परत का येतात, ते या पट्टीवर दिसतं. नुकसान त्याने आधीच हिशेबात धरलेलं असतं. तो मोजतो आहे फरक.

आता एखादा शंभर जणांचा ग्रुप डोळ्यांसमोर आणा. जुन्या वर्गमित्रांचा म्हणा. वाढदिवस, फोटो, जुने किस्से. त्यातले पाच जण रोज काहीतरी टाकणारे. एक दिवस त्यातल्या एकाने एका खऱ्या घटनेची बातमी टाकली. खरी, हे महत्त्वाचं. सुरुवात जवळजवळ नेहमी खऱ्या तक्रारीपासून होते. कुणीतरी संताप दाखवला, पंधरा जणांनी अंगठा दिला. पुढच्या आठवड्यात एक विनोद आला, त्या समाजावरचा. विनोद ही चाचणी असते. कुणी हरकत घेतली तर ‘अरे मजा होती, इतका काय मनाला लावून घेतोस’ म्हणता येतं आणि हरकत घेणाराच हास्यास्पद ठरतो. कुणी घेतली नाही तर पुढचा विनोद एक पायरी खालचा. उरलेले ऐंशी जण गप्प. समजा त्यातल्या साठांना हे आवडलेलं नाही. पण त्या साठांपैकी प्रत्येकाला स्क्रीनवर काय दिसतं? बाजूने वीस, विरोधात शून्य. प्रत्येक जण स्वतःला एकटा समजतो. सहा महिन्यांनी एखादा धीर करून काही लिहितो, त्याच्यावर पाच जण तुटून पडतात, आणि त्याला खाजगीत अकरा मेसेज येतात: ‘बरं बोललास. मी ग्रुपवर नाही लिहिलं, उगाच वाद नको.’ तो ग्रुप सोडतो. आता विरोधात खरोखरच शून्य.

हे अकरा खाजगी मेसेज सगळ्या प्रकरणाचा कणा आहेत. जाहीरपणे त्यातल्या दोघांनीही एकेक ओळ लिहिली असती तर पाचांचा आवाज पाचाचाच राहिला असता.

आणि ग्रुपमध्ये मतं नुसती टिकत नाहीत, सरकतात. मॉस्कोविसी आणि झावालोनी यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फ्रेंच विद्यार्थ्यांना आपले राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि अमेरिकन लोकांबद्दल चर्चा करायला बसवलं. चर्चेआधी त्यांना द गॉल बरे वाटत होते. चर्चेनंतर जास्त बरे वाटू लागले. अमेरिकन आधी नावडते होते, नंतर जास्त नावडते झाले. भडकवणारा कुणी नव्हता. सारख्या मताची माणसं एकत्र बोलली की प्रत्येक जण आपल्याकडचा एक मुद्दा टाकतो, ढीग एकाच बाजूला वाढतो, आणि शिवाय सगळ्यांना गटात थोडं पुढचं दिसायचं असतं. ‘चर्चा करा, गैरसमज दूर होतील’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. कुणाबरोबर, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

भाषेतला बदल सगळ्यात आधी कळतो. मला तो शब्दांपेक्षा क्रियापदांत जास्त दिसतो. पहिली पायरी: ‘त्या चौघांनी मारलं.’ चौघे ठरावीक, काळ भूतकाळ, घटना एक. दुसरी: ‘हे मारतात.’ संख्या गेली, काळ रीतीचा झाला. आता ती घटना उरली नाही, स्वभाव झाला. तिसरी: ‘हे आपल्याला मारणार.’ भविष्यकाळ. अजून काहीच घडलेलं नाही, पण त्याची जबाबदारी आजच ठरली. आणि चौथीत कर्ता बदलतो: ‘त्याआधी आपणच…’ वाक्य बहुधा अर्धवट सोडलेलं असतं. तीन टिंबं समोरच्याने भरायची. पोलिसांच्या हाती सापडला तरी बोलणाऱ्याने काहीच म्हटलेलं नसतं.

शिव्या, प्राण्यांची नावं, ‘कीड’, ‘वाळवी’ हे आपल्या चटकन लक्षात येतं. धोक्याचं खरं वाक्य मात्र तिसरं आहे, आणि ते सभ्य भाषेत, काळजीच्या सुरात बोललं जातं. आपण जे करणार आहोत तेच ते करणार आहेत असं आधी जाहीर करायचं, या युक्तीला अभ्यासक ‘आरशातला आरोप’ म्हणतात. रवांडात नरसंहारानंतर सापडलेल्या एका टिपणात ही युक्ती चक्क नाव देऊन समजावलेली होती. द्वेषाने थोडीच माणसं हात उचलतात. भीतीने सरळमार्गी माणूसही उचलतो, आणि वर त्याला आपण बचाव करतोय असं मनापासून वाटतं.

रवांडाचं नाव निघालं की आरटीएलएम या रेडिओचं निघतं. जुलै १९९३ मध्ये सुरू झालेलं हे स्टेशन आधी गाण्यांसाठी आणि चुरचुरीत गप्पांसाठी लोकप्रिय झालं. सरकारी रेडिओच्या कंटाळ्यावर उतारा. त्याच गप्पांत अल्पसंख्य तुत्सी समाजाला झुरळं म्हणणं आलं, आणि एप्रिल १९९४ नंतर माणसांची नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने स्टेशनच्या प्रवर्तकांना दोषी ठरवलं. मग ‘रेडिओने माणसं मारली’ असं म्हणून मोकळं व्हावं का? यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञाने टेकड्यांमुळे कुठल्या गावात प्रक्षेपण पोचत होतं आणि कुठल्या नाही, याचा नकाशा हत्यांच्या खटल्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिला. हिंसेतल्या एकूण सहभागापैकी साधारण १० टक्के रेडिओच्या खात्यावर जातो असा त्याचा अंदाज आला. हे दहा टक्केही भयंकरच, पण उरलेले नव्वद? स्कॉट स्ट्रॉस यांनी तुरुंगातल्या २१० गुन्हेगारांशी बोलून जे मांडलं त्यात पिढीजात द्वेष फार कमी होता. अनेकांचे शेजारी, सोयरे तुत्सी होते. दाराशी आलेलं टोळकं होतं. युद्धाची भीती होती, आणि ‘येतोस की तूही त्यांच्यातला?’ हा प्रश्न होता.

त्या प्रश्नाला ‘नाही येत’ म्हणणाऱ्यांचं काय होणार हे आधीच दाखवून झालेलं होतं. कत्तल सुरू झाल्यावर काही तासांत, ७ एप्रिलला, पंतप्रधान अगात उविलिंगियिमाना यांना मारलं. त्या हुतू होत्या, म्हणजे मारणाऱ्यांच्याच बहुसंख्य समाजातल्या. त्यांच्या रक्षणाला असलेले बेल्जियमचे १० शांतिसैनिकही मारले गेले. यादीत सुरुवातीलाच हुतूंमधले समजूतदार होते, कारण ते जिवंत असते तर बाकीच्या हुतूंना एक पर्याय दिसत राहिला असता.

हाच क्रम इतक्या ठिकाणी दिसतो की त्याला योगायोग म्हणता येत नाही. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात, ६ ऑक्टोबर १९८१, इस्रायलशी तह केला म्हणून, मारणारे इजिप्तचेच सैनिक. इस्रायलचे पंतप्रधान राबिन, ४ नोव्हेंबर १९९५, पॅलेस्टिनींशी करार केला म्हणून, मारणारा ज्यू. ३० जानेवारी १९४८ ची आठवण मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको. श्रीलंकेत दुसऱ्या बाजूला तेच: जाफनाचा तमिळ महापौर आल्फ्रेड दुरैअप्पा १९७५ मध्ये, नेते अमिर्तलिंगम १९८९ मध्ये, नीलन तिरुचेल्वम १९९९ मध्ये. तिघेही तमिळ, तिघेही तमिळ वाघांच्या, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, हातून.

यामागचा हिशेब थंड आहे. शत्रूपक्षातला कट्टर माणूस आपल्या कट्टर माणसाच्या उपयोगाचा असतो. त्याच्यामुळे देणग्या येतात, मतं येतात, पोरं येतात. शत्रूपक्षातला समजूतदार माणूस मात्र अडचणीचा. तो समोर असेल तर आपल्यातले लोक विचारतात, त्याच्याशी बोलून बघायला काय हरकत आहे? आणि सगळ्यात अडचणीचा आपल्यातला समजूतदार. म्हणून गद्दार हा शब्द शत्रूसाठी वापरतच नाहीत. तो घरच्यांसाठी राखून ठेवलेला असतो.

राजकारणात याचं जे रूप होतं त्याला मराठीत चढाओढ म्हणता येईल, लिलावातली. श्रीलंकेत ती पाठ्यपुस्तकासारखी घडली. एकच सिंहली मतदार, त्याच्यासाठी दोन पक्ष. १९५६ च्या निवडणुकीआधी सत्तेतल्या युनायटेड नॅशनल पार्टीनेही आधीची दोन भाषांची भूमिका सोडून ‘फक्त सिंहली’ धरलं. बंदरनायक्यांनी त्यावर २४ तासांची बोली लावली. १९५७ चा करार झाला तेव्हा विरोधात बसलेल्या युनायटेड नॅशनल पार्टीच्या जयवर्धन्यांनी त्याविरुद्ध कँडीकडे पदयात्रा काढली. १९६५ मध्ये फासे उलटे पडले. आता सत्तेत युनायटेड नॅशनल पार्टीचे डडली सेनानायके, त्यांनी चेल्वनायकम यांच्याशीच करार केला, आणि या वेळी बंदरनायक्यांच्या पक्षाने तो हाणून पाडला. सत्तेत असताना दोघांनाही करार हवा होता. विरोधात असताना दोघांनाही तो गद्दारी वाटत होता. यात कुणी वेडा नव्हता. प्रत्येकाने आपापल्या पुढच्या निवडणुकीपुरता अगदी शहाणा निर्णय घेतला.

मग संसदेत बसून काही मिळत नाही हे तमिळ तरुणांनी ताडलं. १९८१ मध्ये जाफनाचं ग्रंथालय जाळलं गेलं, सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं. २३ जुलै १९८३ ला वाघांनी जाफनाजवळ दबा धरून १३ सैनिक मारले. कोलंबोत त्यांच्या अंत्यविधीला जमलेली गर्दी तिथूनच तमिळ वस्त्यांकडे वळली, आणि काही टोळक्यांच्या हातात घरं शोधायला मतदारयाद्या होत्या. त्या जुलैआधी वाघांची संघटना मूठभरांची होती. त्यानंतर पोरं हजारोंनी दाखल झाली. दबा धरणाऱ्यांना १३ सैनिक मारून जे कधीच साधलं नसतं ते दंगलखोरांनी आठवड्यात साधून दिलं.

डिवचून उलटा मार खायचा आणि त्या मारावर भरती करायची, हे तंत्र जुनं आहे आणि सरकारं त्याला पुन्हा पुन्हा बळी पडतात. उत्तर आयर्लंडमध्ये ९ ऑगस्ट १९७१ च्या पहाटे ब्रिटिश सैन्याने ब्रिटनपासून फुटू पाहणाऱ्या बाजूच्या ३४२ जणांना उचललं, खटल्याशिवाय डांबण्यासाठी. याद्या जुन्या होत्या. कितीतरी माणसं चळवळीतून कधीच निवृत्त झालेली, काही नुसतीच त्या नावाची. शंभराहून अधिक जणांना दोन दिवसांत सोडावं लागलं. आणि पहिल्या धरपकडीत एकही माणूस दुसऱ्या, ब्रिटनशी एकनिष्ठ, बाजूचा नव्हता, जणू तिकडे हत्यारं नव्हतीच. हा प्रकार १९७५ च्या डिसेंबरपर्यंत चालला. एकूण १,९८१ जण डांबले, त्यात त्या बाजूचे १०७. उद्देश हिंसा आटोक्यात आणायचा होता. पुढचं वर्ष, १९७२, हे तिथल्या तीस वर्षांच्या संघर्षातलं सगळ्यात रक्ताळलेलं वर्ष ठरलं, ४७० हून अधिक मृत्यू. ज्याच्या घरचा माणूस चुकून उचलला त्याला आता ‘दोन्ही बाजू ऐकून घे’ कोण सांगणार?

फोनबद्दल थोडक्यात, कारण त्यावर आधीच उदंड लिहिलं गेलंय. रेडिओवर नावं वाचायला माणूस लागत होता. आता निवड यंत्र करतं आणि ती निवड आकड्यांवर चालते. फेसबुकने २०१७ पासून रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. चिडवणारी पोस्ट आपोआप वर. त्या चिडक्या पोस्टांत खोटं आणि विषारी जास्त असतं हे कंपनीच्याच लोकांना दिसलं. सप्टेंबर २०२० मध्ये ते वजन शून्यावर आणलं. ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि ते काम बॉटचं नव्हतं, माणसांचं होतं. खोटं जास्त नवं असतं, एवढंच. उलट, छोटी अडचण घातली तरी फरक पडतो: एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॅपने खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, तर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. एवढं घडायला कुणाचं मतपरिवर्तन करावं लागलं नाही. अंगठ्याला थोडे कष्ट पडले.

यंत्राचा खरा अपाय मला दुसरीकडे दिसतो. मोअर इन कॉमन या संस्थेने २०१९ मध्ये अमेरिकेत दोन्ही पक्षांच्या लोकांना विचारलं, विरुद्ध बाजूचे किती जण टोकाची मतं बाळगतात? दोघांचाही अंदाज ५५ टक्के. प्रत्यक्षात ३० च्या आसपास. आणि बातम्या जास्त पाहणाऱ्यांचा अंदाज जास्त चुकीचा. ग्रुपमधल्या त्या शंभर जणांचं गणितच देशभर लागलेलं. समोरचे निम्म्याहून जास्त पिसाळलेले आहेत असं वाटलं की आपल्यातल्या पिसाळलेल्याला आपण मनातल्या मनात माफ करून टाकतो. ‘जरा जास्तच बोलतो, पण अशा वेळी असा एखादा हवाच.’

बाहेर कसे पडतात? पुन्हा विचाराने क्वचितच. बाहेर पडलेल्यांच्या हकिकतींत भ्रमनिरास असतो तो माणसांबद्दलचा: नेता पैसे खातो, बंधुभावाच्या गप्पा मारणारे एकमेकांच्या चुगल्या करतात, तुरुंगात कुणी भेटायला आलं नाही. किंवा मूल झालं. किंवा ज्याचा द्वेष करायचा त्यातल्याच कुणीतरी अनपेक्षितपणे माणसासारखं वागवलं. कृतीतून बाहेर पडणं आणि मनातून बाहेर पडणं यांत वर्षांचं अंतर असू शकतं, आणि पहिल्याची वाट दुसऱ्यासाठी अडवू नये हे या क्षेत्रातल्या लोकांचं कळकळीचं सांगणं. आधी घर, काम, नवे मित्र. गोंदवलेली चिन्हं काढून टाकायची सोय. मनाचं नंतर.

जर्मनीतल्या एक्झिट-डॉइशलँड या संस्थेने २०११ मध्ये गेरा गावातल्या नवनाझींच्या संगीत महोत्सवात २५० टीशर्ट फुकट वाटले. छातीवर कवटी आणि त्यांच्याच पद्धतीची घोषणा. पोरांनी ते आनंदाने घरी नेले. पहिल्या धुण्यात वरची शाई गेली आणि खालून वाक्य उमटलं: तुझ्या टीशर्टला जमलं ते तुलाही जमेल, बाहेर पडायला आम्ही मदत करू. खाली फोन नंबर. गर्दीत वाचलं असतं तर त्याने ते फाडून टाकलं असतं. हे वाचलं गेलं ते घरी, ओला टीशर्ट हातात धरून, आजूबाजूला टोळकं नसताना. वेळ आणि जागा निवडण्यातली ही अक्कल पानभर युक्तिवादांपेक्षा मोलाची आहे. याच मंडळींनी २०१४ मध्ये वुन्झिडेल गावातल्या नवनाझींच्या वार्षिक मोर्चालाही असंच वळण दिलं: मोर्चा जितके मीटर पुढे जाईल तितके दर मीटरला १० युरो, नाझींना सोडवणाऱ्या संस्थेलाच. रस्त्यावर मॅरेथॉनसारख्या खुणा, शेवटी आभाराचा फलक, १० हजार युरो जमा. दगड मारला असता तर त्यांना हवा तो फोटो मिळाला असता.

डेन्मार्कच्या ऑर्हुस शहरात पोलीस आणि नगरपालिका मिळून २००७ पासून एक व्यवस्था चालवतात. आई, शिक्षक, मित्र, कुणीही फोन करायचा. मुलाला चहाकॉफीला बोलवायचं, एक मार्गदर्शक जोडून द्यायचा, शाळा-कामाचं बघायचं. २०१३ पर्यंत त्या शहरातून तीसेक तरुण सीरियाला गेले होते, पुढच्या वर्षी ते जवळजवळ थांबलं. सगळं श्रेय या व्यवस्थेला देणं घाईचं होईल. पण उलट प्रयोग, म्हणजे संशयितालाच काय त्याच्या चुलत भावालाही उचलणं, काय देतो ते १९७१ ने दाखवलेलंच आहे.

घरातलाच कुणी त्या वाटेला लागला असेल तर काय करावं, असा प्रश्न येतो. त्याच्या पुढ्यात तथ्यांचा ढीग ओतण्याचा मोह आवरावा. तथ्य दाखवल्यावर माणसं तेवढी माहिती बऱ्याचदा दुरुस्त करतात, पण निष्ठा जिथल्या तिथे राहते. एक आकडा चुकला म्हणून कुणी टोळकं सोडत नाही. ग्रुपवर चारचौघांत खोडून काढलं तर तो हरण्याऐवजी घट्ट होतो. एकट्याला गाठावं. ‘ते’ म्हटलं की ‘कोण, नाव सांग’ असं सहज विचारावं; भविष्यकाळातलं वाक्य आलं की ‘हे झालंय की होणार आहे?’ एवढंच. ब्रूकमन आणि काला यांनी मायामीत घरोघरी जाऊन केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १० मिनिटांच्या संभाषणाने ट्रान्सजेंडर लोकांविषयीचा आकस कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांनीही टिकला. त्या दहा मिनिटांत वाद नव्हता. ‘तुम्हाला कधी वेगळं म्हणून हिणवलं गेलंय का?’ एवढं विचारून ऐकत बसायचं होतं. संबंध तोडणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महाग. तोडलेल्या प्रत्येक दोरीबरोबर त्याला परत यायचं एक ठिकाण कमी होतं, आणि टोळक्याला तेच हवं असतं. याचा अर्थ त्याच्या हाताखाली भरडल्या जाणाऱ्यांनीही त्याला समजून घेत बसावं असा नाही. ते काम त्याच्या बाजूच्यांचं. मधल्या माणसाचं.

श्रीलंकेत १९८७ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती झाली. तमिळ हीसुद्धा राजभाषा, आणि प्रांतांना स्वतःची मंडळं. १९५७ च्या कागदावर होतं त्याहून फार वेगळं नाही, किंबहुना थोडं जास्तच. ते करणारे राष्ट्राध्यक्ष होते जयवर्धने, कँडीच्या पदयात्रेवाले. तोपर्यंत वाघांना कुठल्याच मंडळात रस उरला नव्हता. नव्वदच्या दशकात अधिकार वाटून देण्याचा आणखी एक मसुदा तयार झाला. तो लिहिण्यात नीलन तिरुचेल्वम यांचा मोठा हात. २९ जुलै १९९९ च्या सकाळी ऑफिसला जाताना कोलंबोत आत्मघातकी स्फोटात ते गेले. ऑगस्ट २००० मध्ये त्यातूनच आलेलं घटनेचं विधेयक संसदेत मांडलं गेलं, तेव्हा विरोधी बाकांवरच्या खासदारांनी त्याच्या प्रती सभागृहातच जाळल्या. युद्ध पुढे मे २००९ पर्यंत चाललं.